नमुना क्र. ४१ मधले चमचाभर दही

दि. ३ फेब्रुवारी २०२५

प्रति,
मा. वैद्यकीय अधीक्षक,
सरूबाई स्मारक बालरुग्णालय,
धुळे.

अर्जदार: मुमताज कय्युम पिंजारी, रा. सावदा, ता. रावेर, जि. जळगाव.

विषय: प्रयोगशाळेत सीलबंद असलेल्या नमुना क्र. ४१ पैकी एक चमचा दही, तो नष्ट होण्यापूर्वी, परत मिळणेबाबत.

संदर्भ: आपल्या कार्यालयाचे दि. २९ जानेवारीचे परवानगीपत्र, जे कृपया रद्द व्हावे.

महोदय,

नमुना क्र. ४१ उद्या मंगळवारी सकाळी अकरा वाजता नष्ट होणार आहे, असे प्रयोगशाळेच्या दारावरील यादीत लिहिले आहे. म्हणून अर्जदार हा अर्ज आवक खिडकीत न टाकता हातात घेऊन आपल्या दालनाबाहेरच्या बाकावर बसली आहे. अर्ज लांबला आहे. लांब अर्ज साहेब लोक वाचत नाहीत हे लिहून देणाऱ्याला सव्वीस वर्षांच्या अनुभवाने ठाऊक आहे. तरी हा एक शेवटपर्यंत वाचावा.

१. अर्जदाराची मुलगी निलोफर, वय सहा, ही गेल्या १२ डिसेंबरपासून आपल्याकडे वॉर्ड क्र. ३, खाट क्र. ९ येथे दाखल आहे. तापात तिला इतकी औषधे द्यावी लागली की ताप गेला आणि जाताना पोट घेऊन गेला. दूध उलटते, पेज उलटते. जीवाणूंच्या पुड्या पाण्यात कालवून दिल्या, त्याही उलटल्या. डेअरीचे दही झाले, सावद्यातल्या तीन घरांचे झाले. पोटात ठरले ते एकच, शेजारीण भिकुबाईच्या मडक्यातल्या विरजणाचे. आपल्या आहारतज्ज्ञ पुनम मॅडम यांनी आहारतक्त्यावर स्वतःच्या हाताने लिहिले आहे, ‘घरी विरजलेले ताजे दही, दोन वेळा. जे पचते आहे ते बदलू नये.’ अर्जदार धुळ्यात नणंदेकडे उतरली आहे. तिथे ती रोज संध्याकाळी त्याच विरजणाने दही लावायची आणि सकाळी वॉर्डात आणायची. सोळा दिवसांत मुलीचे वजन आठशे ग्रॅमने वाढले. ती उठून बसू लागली आणि शेजारच्या खाटेवरल्या मुलाशी कडाकडा भांडली. त्या भांडणाचा अर्जदाराला एवढा आनंद झाला की तिने नवऱ्याला फोन लावून ते सगळे ऐकवले.

२. दि. २० जानेवारीस वॉर्डात बाहेरचे अन्न बंद झाले. नियमाबद्दल तक्रार नाही. दही आणायचे तर आधी तपासणी, असे सांगितल्यावरून नमुना क्र. ४१ घेण्यात आला. चौथ्या दिवशी अहवाल आला: ‘जिवंत जीवाणू मोठ्या प्रमाणात आढळले. परवानगी नाकारण्यात येत आहे.’ जीवाणू आहेत म्हणूनच ते दही लिहून दिले, असे पुनम मॅडम खिडकीपर्यंत येऊन सांगून गेल्या. खिडकीवरून उत्तर मिळाले की छापील तक्त्यात जीवाणूंच्या रकान्यापुढे ‘नाही’ यावे लागते, आणि दह्यासाठी वेगळा तक्ता नाही. त्याच खिडकीतून जीवाणूंच्या पुड्या वाटल्या जातात, हे अर्जदार नम्रपणे निदर्शनास आणते.

३. अर्जदार तो अहवाल घेऊन रुग्णालयाच्या फाटकाशी टेबल टाकून बसणाऱ्या अर्जलेखकाकडे आली. कागद मंजूर कसा होतो एवढीच त्याची विद्या. त्याने सांगितले की दही उकळून द्या, रकाना स्वच्छ येईल. भांडे सगळेच उकळा, कारण घरी कच्चे दही सापडले तर मिळालेली मंजुरी जाईल. अर्जदाराने विचारले, “भाऊ, एक चमचा बाजूला ठेवू का?”

“नियमात बसायचं तर पुरतं बसा, ताई,” असे तो म्हणाला.

विरजण काय, सावद्याहून पुन्हा येईल, असे दोघांनीही धरले होते. अर्जदाराने दही उकळले. तो अर्जलेखक म्हणजे प्रस्तुत अर्ज लिहिणारा.

४. उकळलेल्या दह्याला दि. २९ रोजी शिक्क्यानिशी परवानगी मिळाली. मुलीने दोन चमचे घेतले आणि उलटी केली. तेव्हापासून सलाइन आहे. वाढलेले वजन गेले, वर आणखी तीनशे ग्रॅम गेले. ती आता कोणाशी भांडत नाही. दरम्यान सावद्यात भिकुबाईच्या घरी मयत झाली आणि त्यांच्या रिवाजाप्रमाणे घरातली मातीची मडकी बाहेर टाकली गेली, त्यांत विरजणाचेही गेले. अर्जदाराचा नवरा कय्युम केळीच्या वखारीवर कामाला आहे. तो वाटी घेऊन तिच्या दारात गेला तेव्हा ती बाई दीर गेल्याचे दुःख विसरून कपाळावर हात मारत म्हणाली, “पोरीसाठी तरी चमचाभर ठेवायचं होतं रे बाबा, मला सुचलंच नाही.”

सुचायला हवे होते ते तिला नव्हे.

५. तेव्हा ते विरजण आता फक्त आपल्या प्रयोगशाळेच्या फ्रिजमध्ये उरले आहे. सफाई कर्मचारी कमलबाई यांनी काल बाटली पाहिली. वर थोडे पाणी सुटले आहे, पण दही घट्ट आहे. सबब विनंती की,

(अ) नमुना क्र. ४१ पैकी एक चमचा दही अर्जदारास आजच मिळावे.

(आ) मेलेल्या दह्याची परवानगी रद्द करून जिवंत दह्याची द्यावी.

(इ) नमुना परत करण्याची नियमात तरतूदच नसेल, तर तो नियमाप्रमाणे खुशाल नष्ट करावा. नमुने प्रयोगशाळेच्या मोरीत ओततात आणि मोरीचा पाइप मागच्या भिंतीबाहेर निघतो, असे समजले. उद्या अकरा वाजता अर्जदार त्या पाइपाखाली कोमट दुधाचे पातेले धरून उभी असेल. त्याआधी मोरीत फिनेल टाकू नये, एवढी तरी आज्ञा व्हावी.

आपल्या दाराशी बसलेली,
(सही) मुमताज कय्युम पिंजारी

अर्ज लिहून देणार व उकळण्याचा सल्ला देणार:
(सही) अभिमन नवल पाटील

सोबत:
१) आहारतक्त्याची प्रत
२) दोन्ही अहवाल
३) झाकणाची वाटी व चमचा, धुऊन, पुसून