हातातली सात मिनिटे

मी, खाली अंगठा उठवणारा, वय वर्षे एकसष्ट, धंदा शिवणकाम, माझी बुद्धी आणि जीभ दोन्ही जागेवर असताना हे मृत्युपत्र सांगून लिहून घेत आहे. हातपाय जागेवर नाहीत, पण कायद्याला त्यांची गरज नसते असे वकीलबाई म्हणतात. स्नायू झिजण्याचा हा आजार डाव्या करंगळीपासून सुरू झाला आणि दोन वर्षांत मानेपर्यंत आला. आता जिभेचा नंबर आहे, म्हणून ही घाई. माझ्यावर कुणाचेही दडपण नाही. दडपण आणून काही साधावे इतका मी कुणाच्या कामाचा राहिलेलो नाही.

कलम १. हे दोन खोल्यांचे राहते घर, आतल्या सर्व सामानासह, माझ्या पत्नीचे. आम्हाला मूलबाळ नाही आणि घरावर दुसऱ्या कुणाचा हक्क पोचत नाही. पाय वर-खाली होणारा पलंग मात्र माझ्या मागे एक दिवसही घरात राहू नये. तो रुग्णालयाला द्यावा. ती तो पुसत बसेल, हे मला नको आहे.

कलम २. दुकानातली दोन्ही शिवणयंत्रे, इस्त्री आणि मोठी कात्री, एकोणीस वर्षे काज-बटणाचे काम करणाऱ्या आमच्या बाईंना. अट एकच, मोठ्या कात्रीने कागद कापू नये. एकदा कापला गेला होता. कुणी कापला ते बाईंना माहीत आहे आणि मलाही.

कलम ३. पळण्याच्या बुटांचे तीन जोड वरच्या मजल्यावरच्या साहेबांना, ज्यांनी वीस वर्षे जिन्यात गाठून मला विचारले, 'एवढं पळून कुठे पोचलात?' आमच्या पायांचे माप एकच आहे. त्यांनी निदान भाजी आणायला जाताना तरी ते घालावेत.

कलम ४. झेंडे. हे समजावून सांगावे लागेल, कारण वकीलबाई कधी बसच्या मागेही धावलेल्या नाहीत. रस्त्यावरच्या बेचाळीस किलोमीटरच्या शर्यतीत काही जण पाठीला झेंडा बांधून पळतात. त्यांना पेसर म्हणतात. झेंड्यावर वेळ लिहिलेली असते आणि पेसरने सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच चालीने पळून बरोबर त्या वेळेला पोचायचे असते. ज्यांना तेवढ्या वेळात शर्यत पुरी करायची असते ते त्याच्यावर भरवसा टाकून मागे मागे पळतात. आयोजकांचे झेंडे मी शिवत असे. कापड फडफडून मानेला घासू नये म्हणून कडेला दुहेरी पट्टी घालायची युक्ती माझी, तिचे श्रेय दुसऱ्याच कुणीतरी घेतले, ते असो. शिवता शिवता मीही पळू लागलो आणि साडेचार तासांचा झेंडा नऊ वर्षे माझ्या पाठीवर होता. किलोमीटरला सहा मिनिटे चोवीस सेकंद, हा आकडा मी झोपेतही सांगेन. सगळे झेंडे आयोजकांना परत द्यावेत. शेवटच्या वर्षीचा तेवढा माझ्याबरोबर जाऊ द्यावा.

कलम ५. हे कलम मालमत्तेचे नाही. वकीलबाईंनी ते दोनदा खोडले, मी दोनदा परत घालायला लावले.

त्या शेवटच्या वर्षी माझा धाकटा भाऊ पहिल्यांदाच पळायला उतरला. 'दादा, मी घड्याळच घालणार नाही. तुझी पाठ बघत येतो,' म्हणाला. दुसऱ्या अर्ध्यात ऊन चढणार हे मला माहीत होते, म्हणून मी मनाशी ठरवले की आधीच थोडे भरभर पळून वेळ साठवून ठेवू. पेसरने कधीही करू नये अशी ही गोष्ट आहे. वेळ साठतो, दम साठत नाही. अर्धे अंतर सव्वादोन तासांऐवजी आम्ही दोन तास आठ मिनिटांतच कापले. मागची मंडळी खुशीत होती. धाकटा ओरडून म्हणाला, 'अरे, हे तर सोपं आहे.' मी तेव्हाच चाल कमी करायला हवी होती. लांबच्या शर्यतीत पहिल्या दहा किलोमीटरमध्ये माणसाला कंटाळा आला पाहिजे. मजा येत असेल तर काहीतरी चुकते आहे.

तेहतिसाव्या किलोमीटरला, पुलाच्या चढावर, मागची पावले कमी झाली. वळून पाहिले तर धाकटा दुभाजकावर बसला होता. तोंड पांढरे पडलेले, पोटऱ्यांत गोळे आलेले. त्याने हात वर केला. पेसरने थांबायचे नाही असा नियम आहे आणि मी नियम पाळला. कबुली द्यायची ती पुढची आहे. माझ्या हातात सात मिनिटे होती. ती कुठेतरी घालवणे मला भागच होते, नाहीतर मी झेंड्यावरच्या वेळेच्या आधी पोचलो असतो. ती मी त्याच्याजवळ बसून घालवली नाहीत. शेवटच्या दोन किलोमीटरमध्ये रमतगमत, लोकांच्या टाळ्या घेत घालवली, आणि चार तास एकोणतीस मिनिटे पन्नास सेकंदांनी रेघ ओलांडली. आयोजकांनी पाठ थोपटली.

धाकट्याला तोवर रुग्णालयात नेले होते. मूत्रपिंडे काम करेनाशी झाली होती, अकरा दिवस तो तिथे होता. मी भेटायला गेलो तेव्हा एवढेच म्हणाला, 'दादा, तुझ्या हातात वेळ होता.' त्या गोष्टीला आठ वर्षे झाली. त्यानंतर त्याने या घरात पाऊल टाकलेले नाही.

कलम ६. आता पत्नीविषयी. निदान झाले त्याच आठवड्यात तिने ग्रंथालयातली नोकरी सोडली. डॉक्टर म्हणाले होते, 'तीन वर्षं, पाच वर्षं, कुणाकुणाला दहासुद्धा. धीराने घ्या.' धीर सोडून बाकी सगळे तिने अंगावर घेतले. दर दोन तासांनी माझी कूस बदलायची, भरवायचे, आंघोळ घालायची, उचलून खुर्चीत, खुर्चीतून पुन्हा पलंगावर. मदतीला एक बाई ठेवली होती. माझ्या टाचेखाली चादरीची घडी राहिली म्हणून चौथ्या दिवशी तिला काढून टाकले. 'मला जमतंय ना, मग कुणी कशाला हवंय?' असे तिचे म्हणणे. 'हे तर सोपं आहे' म्हणतानाचा धाकट्याचा आवाजही असाच होता.

मी शिंपी आहे. तिचे माप मला तोंडपाठ आहे. तिच्या कुर्त्याची खांद्याची शिवण दोन बोटे खाली उतरली आहे, आणि ती आत घ्यायला माझ्याकडे हात नाहीत. परवा मला उचलताना ती मध्येच मला घेऊन पलंगाच्या कडेला टेकली. मी म्हणालो, 'अगं, जरा दमाने घे.' ती म्हणाली, 'अहो, तुमचं पळून झालंय. आता मला पळू द्या.' मला भीती वाटते. मी मरेन याची नाही. माझ्या आधी ती जाईल आणि मी छताकडे बघत तिला हाका मारत राहीन, याची. ती पुलाच्या चढावर आहे हे मला दिसते आहे, आणि मी नुसता पडलेलो आहे.

तरी इच्छा लिहून ठेवतो. तिने दुपारी दोन तास झोपावे. आठवड्यातले दोन दिवस मला दुसऱ्याच्या हाती सोपवावे. तहान लागायच्या आधी पाणी प्यावे. टाचेखाली घडी राहिली तर राहू द्यावी, टाच माझी आहे.

इथे वकीलबाईंनी पेन खाली ठेवले. म्हणाल्या, 'काका, मृत्युपत्र तुमच्या मागे उघडतात. तेव्हा ही दुपारची झोप कुणासाठी लिहिताय?' त्यांचे म्हणणे बरोबर आहे. पण सांगितलेले ती ऐकत नाही, आणि लिहून ठेवण्यापलीकडे माझ्या हातात काही उरलेले नाही. लिहायलाही वकीलबाई लागतात.

कलम ७. धाकट्या भावाला या मृत्युपत्राने काहीही मिळणार नाही. सुईसुद्धा नाही. कारण राग नव्हे. मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात, आणि ज्याला त्यातून काही मिळणार आहे त्याला साक्षीदार करू नये असे वकीलबाईंनी सांगितले. साक्षीदाराला समोर यावे लागते, फोनवर भागत नाही. माझ्या मागे काही घ्यायला तो आला नसता, आणि आला असता तरी तोवर उशीर झाला असता. दोन निरोपांना त्याने उत्तर दिले नाही. तिसऱ्याला म्हणाला, 'सही करतो आणि निघतो.'

तो आला की वकीलबाईंनी कलम ५, ६ आणि हे कलम त्याला मोठ्याने वाचून दाखवावे. मला त्याच्याकडून माफी नको. त्याचे दोन हात हवे आहेत, तिच्यासाठी, मी जिवंत असताना. मागायला मला तोंड नाही, म्हणून कायद्याच्या आडून मागतो आहे.

यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही आणि यानंतर दुसरे सांगता येईल असे वाटत नाही. वरील सर्व मजकूर मला वाचून दाखवला. तो माझ्या सांगण्याप्रमाणे आहे.

ठिकाण: राहत्या घराची पुढची खोली
दिनांक: १२ नोव्हेंबर, मंगळवार, दुपारी सव्वातीन
लिहून देणार: (डाव्या हाताचा अंगठा)

साक्षीदार १: व्यायाम द्यायला येणारे फिजिओथेरपिस्ट. लिहून देणारे पूर्ण शुद्धीत आहेत. सही करण्यापूर्वी त्यांनी माझ्या बुटांच्या तळव्यांवरून माझ्याशी वाद घातला. (सही)

साक्षीदार २: लिहून देणाऱ्याचा धाकटा भाऊ. वकीलबाईंनी वाचून दाखवलं. दादाला अंगठा उचलता येईना, म्हणून मी त्याचं मनगट धरून शाईला लावला. हाताला वजनच नव्हतं. मी सही करून निघणार होतो. वहिनी चहा घेऊन आली तेव्हा तिला विचारलं, मंगळवारी आणि शुक्रवारी मी येत जाऊ का. 'कशाला रे, मी आहे ना,' म्हणाली. कप ठेवायला वाकली ती तिथेच खाली बसली, आणि भिंतीला डोकं टेकून झोपून गेली. दादाला मान वळवता येत नाही, तो नुसत्या डोळ्यांनी तिच्याकडे बघत होता. तिला उठवलेलं नाही. बाकीचे लोक गेले आहेत. दादाची कूस बदलायची वेळ झाली आहे, आणि ती कशी बदलायची ते तो मला हळू आवाजात सांगतो आहे. (सही)