बाटलीतील नमुना माझा नसल्याबाबत

प्रति,
मा. विभागप्रमुख,
मूत्रपिंड विभाग,
जानकीबाई स्मारक रुग्णालय, वर्धा.

विषय : दुसरे मूत्रपिंड देऊ इच्छिणाऱ्या दात्याची तपासणी होणेबाबत.
संदर्भ : माझा दि. ३० जुलैचा लघवीचा अहवाल.

महोदय,

१. संदर्भातील अहवाल माझ्या लघवीचा नाही, माझी आई शकुबाई हिच्या लघवीचा आहे.

२. १९८१ साली मुंबईत आईने मला एक मूत्रपिंड दिले. त्याआधी तिची कसून तपासणी झाली. टाके काढल्यानंतर एकदाही नाही. दरमहा आपण मला तपासता, तेव्हा ती बाहेर बाकावर माझी पिशवी धरून बसते. या उन्हाळ्यापासून तिचे पाय सुजतात. मी घरी तिची लघवी परीक्षानळीत तापवून ॲसेटिक आम्लाचे दोन थेंब टाकले. गढूळपणा गेला नाही, म्हणजे लघवीतून प्रथिने जात आहेत. आपल्या खिडकीवर सांगण्यात आले की दाता हा रुग्ण नसल्याने केसपेपर निघत नाही. जनरल ओपीडीने पुन्हा आपल्याकडेच पाठवले. तेव्हा मी तिची बाटली माझ्या नावाने दिली.

३. त्यावरून माझे शरीर मूत्रपिंड नाकारत असल्याचे ठरले, गोळ्या दुप्पट झाल्या व आज इंजेक्शनांसाठी भरती होण्यास सांगितले आहे. वाढीव गोळ्या मी घेतलेल्या नाहीत. खरे सांगितल्यास माझा केसपेपर बंद होईल ही भीती आहे. न सांगितल्यास मला नसलेल्या रोगावर उपचार होतील, आणि तिला असलेल्यावर होणार नाहीत.

४. आईने एवढेच ऐकले की तिने दिलेले बिघडले. "माह्यंच नासकं निंगालं," म्हणून ती दोन दिवस जेवली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "रडून काऊन राह्यली? आणखी एक हाये नं. तेबी काढून देतो. मले म्हातारीले काय करायचं हाये?" आईचे वय बेचाळीस आहे. दिलेले चांगले आहे आणि ती देऊ पाहते तेच बिघडले आहे, हे मला तिच्यासमोर बोलता आले नाही.

५. आपल्याकडे दात्याची तपासणी फक्त दान देण्यापूर्वी होते. म्हणून विनंती की तिला नियोजित दाता म्हणून नोंदवून तिच्या सर्व तपासण्या कराव्यात. नंतर नकार द्यावा. मात्र नकारापूर्वी, पहिले मूत्रपिंड उत्तम चालले आहे, एवढे तिला आपण स्वतः सांगावे.

माझ्या कृत्याबद्दल जी कारवाई होईल ती मला मान्य आहे.

आपली नम्र,
जयवंता पुनाजी उईके, बी.एस्सी.
मु. गिरड, ता. समुद्रपूर, जि. वर्धा
दि. १३ ऑगस्ट १९८४

सोबत :
१. लघवीचा नमुना, माझा स्वतःचा.
२. शकुबाई पुनाजी उईके. बाहेर बाकावर आहे. भरती होण्याच्या तयारीने लुगडी घेऊन आली आहे.