मेंबरांचे जेवण सूर्यास्तापूर्वी

ता. १७ जानेवारी १९३८, सोमवार. दुपारी.
दुकानातून घरात आले : साखर दोन शेर, सात आणे. हरभऱ्याची डाळ, सहा आणे. चारोळी व वेलदोडे मिळून तीन आणे. दुकान ह्यांचेच, तरी लिहिलेच पाहिजे. आपल्याच दुकानातून मुकाट्याने उचलणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. केळीची पाने तुळशी माळीण देणार, फुकट. पाने पाच म्हटली होती, चार केली. मेंबर, त्यांचा कारकून, हे आणि स्टेशनमास्तर. बायका मागून ताटात घेतील.

गुलाबराव मेंबर, आपल्या भागातून नागपूरच्या असेंब्लीत गेलेले, शनिवारी जऊळक्यास येत आहेत आणि माझ्या पत्राला मान देऊन आपल्याकडेच जेवणार आहेत. बायका-मुलींच्या लिहिण्या-वाचण्याचा एक वर्ग ह्या लाइनीवर मंजूर झाला आहे. तो कोणत्या गावाला द्यायचा हे मेंबर स्वतः पाहून ठरवणार. शिकवणाऱ्या बाईस दरमहा आठ रुपये. आसपास मॅट्रिक झालेली बाई एकच आहे. नाव लिहीत नाही, गर्व होतो.

ता. १८, मंगळवार.
मेंबरांनी वर्षात केलेली कामे उतरवली, माझ्या स्पीचसाठी. इंझोरीला विहीर झाली, पहिला पोहरा त्यांनीच ओढला. माझ्या दिवाळीच्या पत्रात पाण्याचा उल्लेख होता. कामरगावला दवाखान्याची खोली झाली. त्याच पत्रात मी सासूबाईंच्या गुडघ्यांविषयी लिहिले होते. माणूस पत्रे लक्ष देऊन वाचतो.

सासूबाईंना हे सांगितले. म्हणाल्या, "माहे गुडघे जऊळक्यात, अन् दवाखाना कामरगावात. बरं वाचलं बाप्पा त्यानं."

त्यांना सार्वजनिक कामाची दृष्टी नाही. क्षमा केली.

ता. १९, बुधवार. सकाळी.
ह्यांनी माझ्या आमंत्रणाच्या पत्राची नक्कल वाचली. मी लिहिले आहे की त्या दिवशी दौऱ्यात इतरत्र काहीही खाऊ नये, सायंकाळचे शुद्ध भोजन आमच्याकडे घ्यावे. ह्यांचे म्हणणे, "येळ काहून नाई लिवली?"

सायंकाळचे जेवण म्हणजे सूर्यास्तापूर्वीचे, हे काय लिहावे लागते? आमच्या जैन घरात दिवे लागल्यावर पाण्याचा घोट कोणी घेतलेला नाही. शिवाय मेंबरांची वाशिमची गाडी साडेचारला, सूर्यास्त सहाला. दीड तासात माणूस दोनदा जेवेल.

"गाडी लेट झाली त?" असे म्हणून हे दुकानात गेले. अशा शंका घेणाऱ्या माणसाकडून देशाचे काम होत नसते.

त्याच दिवशी, सायंकाळी.
ओसरीवर बायकांची सभा घेतली. हळदीकुंकू आणि सभा एकत्र, म्हणजे तिळगूळ एकदाच. सर्वांना बजावले की शनिवारी मेंबरांसाठी कोणीही काही रांधायचे नाही. चार घरी चार घास खाल्ले की माणूस कोणाचेच ऐकत नाही.

तुळशी माळीण मागे बसली होती. स्टेशनवरून अकोल्याला भाजीच्या टोपल्या लावते, त्याची पावती माझ्याकडून वाचून घ्यायला येते. सभा संपल्यावर म्हणाली, "शेठाणीबाई, थो वर्ग सांजीचा ठेवजा. दिसभर आमी वांगे तोडतो, शिकाव कवा? दर येळेस पावती वाचाले तुमच्या दारी याव लागते."

मी समजावले की वर्ग दुपारी दोन ते चार, म्हणजे माझे आवरून झालेले असते. आणि वांग्याविषयीही दोन शब्द सांगितले. बहुबीज, बीबीत जीव. आमच्याकडे वर्ज्य.

ती म्हणाली, "तुमाले वर्ज्य हाय म्हणून त आमाले पुरते वो बाई."

ता. २०, गुरुवार.
मंदिरात संकल्प केला : वर्ग मिळाला तर पहिला पगार देवाला. दुसऱ्यापासून पोस्टात. पदाचा मोह मला नाहीच. पण खरे लिहायचे तर, अमरावतीला मॅट्रिकचा निकाल लागला त्या दिवशी वडिलांनी पेढे वाटले होते, आणि त्यानंतरच्या आठ वर्षांत मी इंग्रजी वाचले ते साबणाच्या वेष्टनावरचे. वेष्टने सगळी वाचून झाली आहेत.

ता. २१, शुक्रवार.
स्पीच पाठ झाले. सतरा मिनिटे. सासूबाईंना म्हणून दाखवले. त्यांना शांत झोप लागली, म्हणजे आवाज मधुर आहे.

ता. २२, शनिवार. साडेचार.
पुरणपोळी, बासुंदी, कढी, मुगाची उसळ. सर्व तयार. हार एक, दोन पैसे. कारकुनाला हार लागत नाही. हे स्टेशनवर गेले.

सव्वापाच.
गाडी नाही.

पावणेसहा ते सहा.
गाडी नाही. हे निरोप घेऊन आले की तिकडेच इंजिन बिघडले आहे, कधी सुटेल सांगता येत नाही. मी डगमगले नाही. अन्न रात्रभर ठेवायचे नाही, वाया घालवायचे नाही, आणि सूर्य तर चालला. घरच्यांना पानावर बसवले. सासूबाईंना दोन पोळ्या. ह्यांना चार. "लोकाईसाठी काढून ठेव थोडंसं," असे हे म्हणत होते, तोंडात घास असताना. मेंबरांच्या वाट्याची बासुंदी मी घेतली, नाइलाजाने. उरलेले गाईला. सहाला चूल विझवली. मन प्रसन्न.

ता. २३, रविवार.
काल पुढचे लिहिणे झाले नाही. दिव्यावर किडे येतात, म्हणून मी रात्री लिहीत नाही.

मेंबर सव्वासातला आले. सोबत माणसे पाच. एक आमंत्रण दिले की पाच जण आणतात, हा सार्वजनिक जीवनातील दोष आहे. ओसरीवर बसले. हार घातला. मेंबर हसून म्हणाले, "बाई, तुमच्या पत्राप्रमाणे सकाळपासून कुठेच काही घेतलं नाही. वाशिमला लोकांनी आग्रह केला, तरी नाही म्हणालो." माझा शब्द एवढा पाळलेला पाहून मला गहिवरून आले.

मग स्पीच. कामांची यादी झाल्यावर मी रात्रिभोजनत्यागावर आले. समजावले की व्रत म्हणजे आपण न खाणे एवढेच नव्हे. रात्री दुसऱ्याला वाढायचे नाही, आणि कोणी खात असेल तर बरे झाले असेही म्हणायचे नाही. शेवटी म्हटले, "सूर्यास्तानंतर अन्नपाण्याचेच काय, मी कुठलेही काम हाती घेत नाही!"

मेंबरांनी खिशातून डायरी काढून हे वाक्य टिपून घेतले. सर्वांनी पाहिले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होते. त्यांचा कारकून एकटक बंद स्वयंपाकघराकडे बघत होता, त्यालाही विषय भिडला असावा. सासूबाई मधेच म्हणाल्या, "तू नोको खाऊ, पन त्याईले गूळ-पानी त दे!" मी शांतपणे सतराव्या मिनिटापर्यंत गेले.

नंतर मेंबर म्हणाले, जरा गाव पाहून येतो. अंधारात गाव पाहायला निघणारा लोकप्रतिनिधी मी पहिल्यांदाच पाहिला. परत आले नाहीत. बहुधा माझे शब्द मनात घोळवीत स्टेशनवर गेले असतील.

ता. २४, सोमवार.
गाव पाहायला म्हणून गेलेले मेंबर तुळशी माळणीच्या मळ्यातून बाहेर आलेच नव्हते. ह्यांना दुकानात कळले. ज्वारीच्या भाकरी, वांग्याची भाजी, ठेचा. मेंबरांनी भाकरी किती खाल्ल्या ह्याबद्दल गावात दोन पक्ष आहेत. म्हणजे कोणी न रांधण्याचे माझे बजावणे मोडले. तुळशीला बोलावून विचारले.

म्हणाली, "मी त्याच्यासाठी रांधलंच नाई वो शेठाणीबाई. आमचंच होतं, थे त्यानं खाल्लं. मंग आमच्यासाठी पुन्यांदा रांधलं."

पुढे म्हणाली की ठेच्याच्या दुसऱ्या घासाला मेंबर तिला आई म्हणाले, आणि हात धुताना वर्ग जऊळक्याला देऊन टाकला. जागा तिच्या मळ्यातली विहिरीजवळची पडवी. कमिटी झाली. अध्यक्ष तीच.

वर्ग गावाला मिळाला, आणि तो माझ्या स्पीचमुळे, यात शंका नाही. भाकरीवर कोणी सरकारी वर्ग देत नसतो. अध्यक्ष कोणी का असेना, शिकवणार मॅट्रिकच. अध्यक्षांना तर पावती वाचता येत नाही.

आठ रुपयांतून पहिली एक छत्री घ्यावी असे ठरवले. दुपारचे ऊन.

ता. ४ फेब्रुवारी, शुक्रवार.
मेंबरांचे पत्र आले. तुळसाबाई घेऊन आल्या, वाचून घ्यायला. उभ्या उभ्या वाचले. मजकूर असा : अध्यक्षांच्या सूचनेवरून वर्ग दिवेलागणीनंतर भरेल. जऊळक्यात एक मॅट्रिक भगिनी आहेत, परंतु सूर्यास्तानंतर कोणतेही काम हाती घेत नाही असे त्यांनी सर्वांसमक्ष सांगितले असून त्यांच्या नियमाबद्दल आम्हांस नितांत आदर आहे. सबब वाशिमहून चौथी पास बाई पाठवीत आहोत.

तुळसाबाई म्हणाल्या, "नितांत म्हंजे काय वो?"

मी म्हटले, फार.

आतून सासूबाई : "सतरा मिंटं बोलली ना वो! थ्या वाक्याच्या आंधीच थांबाचं होतं!"

ता. ६, रविवार.
जेवणात लक्ष नव्हते. चौथी पास.

ता. ७, सोमवार.
व्रताचे पुस्तक पुन्हा नीट पाहिले. त्यात जेवणाचे आहे, पाण्याचे आहे. बाराखडीचे कुठेही नाही. दिव्याला काच असली की किडेही वाचतात. माझे वाक्य जोशात गेले होते. मेंबरांनी जोश टिपून घ्यायला नको होता.

ता. ८, मंगळवार. रात्री. (काचेचा कंदील.)
मेंबरांना अर्ज करायचा, तर अध्यक्षांची शिफारस पाहिजे. तुळसाबाईंकडे मळ्यात मी स्वतः गेले. अर्ज वाचून दाखवला, शाईची पेटी पुढे केली, म्हटले अंगठा करा.

त्यांनी हात मागे घेतला. "अंगठा नाई लावत मी. अध्यक्ष हाव ना आता? आंधी मले सही शिकव, मंग पाठव तुहं पत्र."

मी म्हटले, उद्या दुपारी येते.

"दुपारी वांगे हायेत," त्या म्हणाल्या आणि कंदील माझ्यापुढे सरकवला.

ता. १४, सोमवार.
रोज दिवेलागणीला मळ्यात गेले. 'तु' पहिल्याच दिवशी आला. 'ळ'ने फार छळले. त्याची दोन पोटे आणि मधला देठ जुळेनात, शेवटी दोन वांगी शेजारी शेजारी ठेवून दाखवला, तेव्हा जमला. मी वांग्याला हात लावला, खाल्ले नाही. आणखी सात-आठ जणी भोवती येऊन बसू लागल्या आहेत. पगार शून्य. छत्री रद्द, रात्री ऊन नसते.

आज पत्र टाकले. नक्कल इथे :

"मा. गुलाबराव मेंबर यांस,
सूर्यास्तानंतर मी कुठलेही काम हाती घेत नाही, असे आपण माझ्या तोंडून टिपून घेतले आहे. ते जेवणापुरते होते असे समजावे. सोबत अध्यक्षांची सही आहे. ती थोडी तिरपी आहे, पण कंदिलाच्या उजेडात शिकवून घेतलेली आहे, हाच पुरावा मानावा. वाशिमच्या बाईंना तसदी देऊ नये. आपण वर्ग पाहण्यास यावे. मात्र येताना जेवून यावे, किंवा सहाच्या आत यावे. दोहोंपैकी काय जमेल, आणि माझ्या नेमणुकीचे काय ठरले, ते उलट टपाली कळवावे.
सौ. राजमती पदमचंद, मॅट्रिक"

टपाल एक आणा. उलट टपालाचा वेगळा आणा पाकिटात घातला. मेंबरांवर भरवसा आहेच, पण सहीला इतके दिवस लागले आहेत, उत्तराला लागू नयेत.