माफ केल्याची साक्ष

६ जुलै, रविवार
केशोरी गावच्या प्रार्थनेच्या संगतीत आज माझी साक्ष झाली. कितवी ते आठवत नाही. आता पाठच आहे, कुठे आवाज भरून येतो तेसुद्धा मला आधी माहीत असतं. "धानाच्या रोवणीच्या टोळीतून मला काढलं, प्रभूच्या नावासाठी मी सोसलं, आणि माझ्या जावेला मी मनापासून माफ..." इथे आले आणि दाराजवळच्या चटईवर बाई दिसल्या. माझी मोठी जाऊ. तीच जाऊ! गुडघ्यासाठी प्रार्थना करून घ्यायला कोणीतरी सिस्टर त्यांना घेऊन आली होती. तिला काय माहीत.
तरी वाक्य पूर्ण केलं. लोक हालेलुया म्हणाले.
बाई शेवटपर्यंत बसल्या. चहासुद्धा घेतला.

७ जुलै, सोमवार
सकाळी नळावर. बायका होत्या दोन-तीन. चार वर्षांत बाई पहिल्यांदा माझ्याशी बोलल्या.
"माफ केली म्हनतेस मले. कधी केली? मले तं सांगतली नाहीस."
मी नळाखालच्या पाण्याच्या गुंडाकडे पाहत राहिले. तो भरून वाहत होता.
"आनि कायची माफी वो? मी का केली होती तुले?"
आपला गुंड घेऊन त्या गेल्या, लंगडत.
दिवसभर मशीनवर बसले, एका ब्लाउजची बाही उलटी लावली.

९ जुलै, बुधवार
आज लिहूनच टाकते. इथे कोण वाचणार आहे.
चार वर्षांपूर्वी मे महिन्यात तलावात माझा बाप्तिस्मा झाला. त्याच जुलैत भासऱ्यांना, बाईंच्या नवऱ्याला, धानाच्या बांधीवर साप चावला. दवाखान्यात नेईपर्यंत गेले. अंगणात प्रेत होतं, गावच्या बायका बसलेल्या, बाईंच्या हातातल्या बांगड्या अजून तशाच. आणि मी, दोन महिन्यांची विश्वासणारी, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "तुमच्या देवाला इतके कोंबडे कापले, काय कामी आले? माझ्या देवाला हाक मारली असती तर वाचले असते."
बाईंनी फक्त वर पाहिलं.
टोळी बाईंची. त्या वर्षीच्या रोवणीला मला बोलावणं आलं नाही. मी काय समजले? छळ. ख्रिस्तासाठी छळ! प्रत्येक साक्षीत रोवणीचं सांगितलं, अंगणातलं एकदाही नाही. खोटं एक अक्षर बोलले नाही, फक्त अर्धं गाळलं. लाज वाटते, फार वाटते.

१० जुलै, गुरुवार
यांना सगळं सांगितलं. हे विश्वासात नाहीत, पण मला कधी अडवलंही नाही. विडी विझवून म्हणाले, "मले मालूम होतं ना. मी बी होतो अंगनात." मग हसले. "जलम नवा भेटला तुले, पर जीभ जुनीच आली वाटते."
आधी राग आला. मग मलाही हसू आलं, आणि हसता हसता रडू.
खरंच, नवा जन्म झाला होता तर ते तोंड कोणाचं होतं? की झालाच नव्हता? तलावातून वर आले तेव्हा किती हलकं वाटलं होतं, ते काही खोटं नव्हतं. मग...

११ जुलै, शुक्रवार
पास्टरांना फोन. ते गोंदियाचे, अर्धं हिंदीच बोलतात. "सिस्टर, पुराना सब मिट गया, उसको क्यों खोदते?"
म्हटलं, पास्टर, हे जुनं नाही. बाप्तिस्म्यानंतरचं आहे.
मला वाटलं फोन कटला.
मग हळूच म्हणाले, "देवाने क्षमा केली सिस्टर, यात शंका नको. लेकराने घाण केली म्हणून आई लेकरू बदलत नाही. लेकिन बाईकडे तुम्हालाच जावं लागेल. वो मैं नहीं कर सकता."

१३ जुलै, रविवार
प्रभुभोजन होतं. भाकरीचं ताट माझ्यापर्यंत आलं, मी न घेता पुढे सरकवलं. शेजारच्या सिस्टरने वळून पाहिलं. दुसऱ्या कोणी असं केलं असतं तर मीच घरी येईपर्यंत विचार केला असता, हिने काय बरं पाप केलं असेल!

१५ जुलै, मंगळवार
बाईंच्या अंगणात गेले. कढीपत्ता मागून परत आले. आमच्या दारात कढीपत्त्याचं झाड आहे. बाईंनाही ते माहीत आहे. मुकाट्याने तोडून दिला.

१७ जुलै, गुरुवार
झालं.
अंगणातलं बोलणं बायकांसमोर होतं, म्हणून हेही बायकांसमोरच, असं ठरवलं. टोळी नाल्याकाठच्या बांधीत होती. लुगडं खोचलं, चिखलात उतरले, बाईंच्या बाजूला उभी राहिले, पऱ्ह्यांची, धानाच्या रोपांची जुडी सोडली. कोणी ये म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. वाकल्यावर कोणाचं तोंड कोणाला दिसत नाही, म्हणून बोलता आलं.
"बाई, भासरे गेले त्या दिवशी मी जे बोलले ते पाप होतं. तुम्ही मला टोळीतून काढलं ते त्याच्यासाठी, देवासाठी नाही. लोकांना मी उलटं सांगत आले. मला माफ करा."
सगळ्यांचे हात थांबले. बाईंचे नाही.
"हात चालव. रांग मांगं पडून राहिली."
दुपारी धुऱ्यावर, बांधीच्या कडेला भाकर खायला बसलो. मी जरा दूर. बाई आल्या, बाजूला बसल्या, कांदा फोडला आणि खालीच पाहत म्हणाल्या, "चार वर्सं इचार करून राहिली मी. तुह्या देवाले हाक मारायची माह्याकडून राहिली का? खरंच वाचले असते का वो?"
मला वाटायचं बाई रागात आहेत. त्या चार वर्षं स्वतःलाच दोष देत होत्या, माझ्या एका वाक्यानं.
"नाही बाई. तुमचं काही राहिलं नाही."
"तुले का मालूम?"
"नाही मालूम. तेव्हाही नव्हतं मालूम. उगाच बोलले."
बाईंनी पदर तोंडाला लावला. हात धरावा वाटला, पण दोघींचे हात चिखलाचे, आणि मला तेवढा हक्कही नव्हता. नुसती बसून राहिले.

२० जुलै, रविवार
संगतीत आपणहून उभी राहिले. साक्ष सांगितली, अंगणापासून. आवाज भरून यायची जागा चुकली, भलतीकडेच आला. हालेलुया कोणी म्हटलं नाही. मागून एक म्हातारी "माय वो" म्हणाली, तेवढंच.
प्रभुभोजनाची उरलेली भाकर पास्टरांनी, मागच्या रविवारी मी घेतली नव्हती म्हणून, मला दिली. घेतली. शुद्ध झाले म्हणून नाही, उपाशी होते म्हणून.
बाई आल्या नव्हत्या. दारापासची चटई मी सारखी पाहत होते.

२२ जुलै, मंगळवार
नळावर बाई एकट्या. गुडघा सुजलेला. त्यांचा गुंड मी उचलला, त्यांनी उचलू दिला. घरापर्यंत गेलो.
दारात विचारलं, "बाई, माफ केलं का मला?"
बाईंनी विचार केला. खरंच केला, उगाच नाही.
"नाही अजून. येऊन राहिलं मनात, पर पुरं नाही आलं."
"बरं बाई."
"उद्या सात वाजता रोवणीले निघतो आमी. डबा आन."
आज प्रार्थनेत एवढंच म्हटलं, प्रभू, बाईंना घाई करू नकोस. मी थांबते.