पाइपचा माणूस

बाई, तुमाले जाऊन पुष्कळ वर्षं झाली, तरी आज लिहून राहिलो. चर्चमध्ये तुम्ही ऑर्गन वाजवत होत्या अन् मी त्याची दुरुस्ती करत होतो. पण मी होतो भिलाईच्या स्टील प्लांटमधला पाइप फिटर! केरळचे फादर आमच्या फोरमनले म्हणाले, "ऑर्गन का पाइप लीक है, पाइप का आदमी भेजो," अन् फोरमननं मले धाडलं. ऑर्गन कशाशी खातात, हे मले कुठं ठाऊक?

एका जुन्या रेल्वे वस्तीतलं चर्च बंद पडलं, तेव्हा तिथला हा उभ्या पाइपांचा ऑर्गन मालगाडीनं भिलाईले आला होता. वाजवायची पट्टी दाबून राहावी म्हणून मी तिच्यावर पाना ठेवून मागं गेलो, तं हरेक पाइपले खाली आडवी चीर, हवा भसाभसा बाहेर, अन् वरून शिट्टी. लीक असला की पाइप शिट्टी मारते, हे आमाले पहिल्याच दिवशी शिकवतात. म्हटलं, सापडला! पुट्टी काढली अन् अकरा पाइप सील करून टाकले. तुम्ही शिकवत होत्या ती शाळा सुटल्यावर तुम्ही आल्या. माझ्या जयभीमले हसून जयभीम केला अन् वाजवायले बसल्या. अकरा पट्ट्या मुक्या! "अहो, ते तोंड आहे त्याचं! तुम्ही त्यांची तोंडं बंद केलीत!" तुम्ही ओरडल्या. चर्चच्या कमिटीले तं निमित्तच पाहिजे होतं. विजेचा कीबोर्ड आणायचा अन् त्यावर एका तरुण पोरीले बसवायचं, असं त्यांचं चाललं होतं. ऑर्गन गेला की तुमची जागाही गेली.

मले वाटलं, आता हाकलतात. पण तुम्ही पदर खोचला, लाकडी काडीनं माझ्यासंगं पुट्टी कोरत बसल्या. खरा लीक भात्याच्या चामड्यात होता, तो कान लावून शोधायले शिकवलं. मग दर सुट्टीच्या दिवशी मी येत गेलो. सरसानं बकरीचं चामडं चिकटवायचं, प्लांटची लाल धूळ झाडायची. पुढं प्लांटमध्ये बेअरिंग बिघडायच्या आधी मले त्याचा आवाज कळायचा. पोरं विचारत, दादा, कसं काय? ते कान तुमचे, बाई. तुमचे उपकार मी कधी तोंडानं बोललो नाही, हेच मनाले लागून राहते.

तुमच्या शेवटच्या नाताळाआधी तुम्ही म्हणाल्या, "वरच्या सुरांचे तीन पाइप बोलत नाहीत हो." पट्ट्या दाबून दाखवल्या. "ऐकलंत? काहीच नाही." नशीब, तेव्हा तिथं कमिटीचं कोणी नव्हतं. मी शिडीवर चढलो, ठोकठाक केली, उतरून म्हटलं, "झालं, बाई." तुम्ही पुन्हा वाजवलं, माझ्या तोंडाकडं पाहिलं अन् म्हणाल्या, "हो, आता बोलले." नाताळाले तुम्हीच वाजवलं.

हे पत्र टाकू तरी कोणत्या पत्त्यावर? ठेवून देतो घडी करून. पण लिहायचं राहिलं होतं ते हे, की ते तिन्ही पाइप तुम्ही पहिल्यांदा पट्ट्या दाबल्या तेव्हाच मोठ्यानं बोलले होते. मी नुसता ठोकठाकीचा आवाज केला अन् फडका मारून उतरलो.