डाव्या बाजूची सूज

१२ जाने. १९९८, देवपूर
स्वतःच्याच ब्लाउजची डावी शिवण पुन्हा उसवली. दिवाळीत अर्धा इंच सोडला होता, आज आणखी अर्धा. उजवी तशीच. दुखत नाही. नऊ वर्षांपूर्वी मुंबईला ऑपरेशन करून सिलिकॉनच्या पिशव्या बसवल्या, तेव्हा डॉ. म्हणाले होते, आता जन्मभर बघायला नको.

१९ जाने.
जळगाव, सर्जनकडे. नाव सांगितलं, शालिनी. कंपाउंडरनं वर पाहिलं, खाली पाहिलं, केसपेपरवर 'पुरुष' लिहिलं. डॉ.नी मात्र नीट विचारलं. डाव्या पिशवीभोवती पाणी साचलंय. सुईनं काढलं. गढूळ, पिवळट. तपासायला मुंबईला पाठवणार.

२ फेब्रु.
लग्नसराई. दिवसभर ब्लाउज कापले. पाणी परत भरलंय.

११ फेब्रु.
जळगावला डॉ.नी रिपोर्ट वाचला. लिम्फोमा. कॅन्सरच, पण स्तनाचा नव्हे, पांढऱ्या पेशींचा. पिशवीभोवतीच्या पापुद्र्यात.
"पिशवीमुळे झालं?"
"सांगता येत नाही, बाई. असं मी कुठं वाचलेलं नाही."
मला 'बाई' म्हणाले. लिहून ठेवते.
मुंबईला जाऊन दोन्ही पिशव्या काढायच्या. मग केमो.

१३ फेब्रु.
अक्का शिरपूरहून आली. सख्ख्यांपैकी ही बहीण एकटीच येते-जाते. सगळं ऐकलं. मग,
"काढी टाक बठ्ठं. मंग घर चाल. नाना काही बोलाव नही."
म्हणजे छाती सपाट झाली की वडलांचं दार उघडणार. चहा टाकला.

१६ फेब्रु.
काढायच्या. जगायचं आहे. पण मुलगा होऊन घरी जायचं नाही. अक्काला तसं सांगितलं. ती म्हणाली,
"मुंबईले तुन्हासंगे कोण येई? मीच येसू."

५ एप्रिल, रविवार
पिशव्या निघाल्या. पहिला केमो झाला. केस गळतात. पदर घसरतो, पिन लावते.
दुपारी सोना आली. आमच्यातलीच, पारोळ्याची, पंचविशीतली. तिला मुंबईची तारीख मिळालीय, तसल्याच पिशव्या बसवायची. हरखलेली. मग माझ्याकडे बघून हळूच,
"शालूताई, करू का नको?"
मुंबईच्या डॉक्टरांनाही मी विचारलं होतं, कशामुळे? तेही म्हणाले, माहीत नाही.
आणि ती नऊ वर्षं मी सुखात होते. तेही खरंच.
तिला म्हटलं, मंगळवारी ये. ही वही पहिल्यापासून वाचून दाखवते, मग तूच ठरव.