वास गेला म्हणजे

४ फेब्रुवारी

ती. स्व. मामांस,
सा. न. वि. वि.

पोचले, जेवले, झोपलेसुद्धा. मामीला सांगा, पांघरूण पुरतं. खोली एवढीशी, पण खिडकी मोठी. पहाटे डोळा उघडतो तेव्हा प्लांटचे मनोरे धुक्यात तरंगत असतात, खाली जमीनच नसल्यासारखे, आणि पाइपांची घूं घूं चालू असते. कॉलेजात चार वर्षं ज्या आकृत्या गिरवल्या, त्यांच्यातूनच चालतेय असं वाटतं. अजून पुरती जागी झालेलेच नाही म्हणा ना.

इथे जमिनीतून येणाऱ्या गॅसमध्ये एक विषारी वायू असतो. त्याला सडक्या अंड्यासारखा वास. पण प्रमाण वाढलं की नाकच बधिर होतं आणि माणसाला वाटतं, चला, गेला. म्हणून पहिल्याच दिवशी आमच्याकडून घोकून घेतलं, की वास गेला म्हणजे गॅस गेला असं नाही. छातीवर एक छोटं यंत्र लावतात, वायू वाढला की ते ओरडतं. करपलेलं दूध फाटकातून ओळखणाऱ्या तुमच्या भाचीचं नाक इथे कवडीमोल!

वीस तारखेला बड्या साहेबांपुढे मुलाखत आहे. निवडलं तर प्लांटवर, नाहीतर मुख्य ऑफिसात कागद सरकवत बसायचं. मामा, मला प्लांटच हवा. अगदी मनापासून हवा.

माया आहे तशीच राहू द्या.
तुमची,
नकटी

१५ फेब्रुवारी

चि. नकटीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र मामीने दोनदा वाचलं. मी दुकानात नेऊन दुरुस्तीला आलेल्या घड्याळांनाही वाचून दाखवलं. शास्त्र काही डोक्यात शिरलं नाही, पण धुकं आवडलं. परवा स्वप्नात तू कुठल्याशा धुरकट जिन्याने वर वर जात होतीस. मी खालून हाका मारतोय, तर वळून बघायला तयार नाहीस. मामी म्हणते, दोन घास कमी जेवत जा.

बाकी इकडे ठीक. गेल्या आठवड्यात सिलिंडरपाशी घाण वास यायचा. गॅसच गळतोय म्हणून मामीने घर डोक्यावर घेतलं. गॅसवाल्याला बोलावणारच होतो, तेवढ्यात वास आपोआप गेला. एक खेप वाचली. मामी अजून नाक मुरडते, पण ती माझ्या कुठल्या कामाला मुरडत नाही?

साहेबांपुढे नाक वर करून बोलू नकोस. मुळात आहेच केवढं!

तुझा,
मामा

२० फेब्रुवारी

ती. स्व. मामांस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र मुलाखतीच्या दारात बसले असताना हाती आलं. वास आपोआप गेला, हे वाचलं आणि पहिल्या दिवशी घोकलेलं वाक्यच समोर उभं राहिलं. पत्राला पाच दिवस झाले होते. आतून मला हाक आली, आणि मी उलट्या दिशेने पळत सुटले. फाटकावरच्या फोनवरून तुमच्या घराखालच्या औषधवाल्यांना गाठलं. सिलिंडर बंद करा, खिडक्या उघडा, दिव्याच्या बटणाला हात लावू नका, दोघांना खाली आणा, असं ओरडून सांगितलं. तुम्ही दोघं रस्त्यावर सुखरूप उभे आहात हे कळेपर्यंत फोन सोडला नाही.

परत आले तर साहेब उठून गेले होते, पण फाटकावरचं माझं ओरडणं त्यांच्या कानावर गेलं होतं. घरी नक्की काय झालं ते सांगा, मग पुन्हा बोलवायचं की नाही ते बघू, असा निरोप होता. तेव्हा काय गळत होतं ते लगेच कळवा. मला तुमचा फार राग आलाय, मामा. आणि रडूही येतंय.

तुमची,
नकटी

२४ फेब्रुवारी

चि. नकटीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

कोणत्या तोंडाने लिहू? औषधवाल्यांनी आम्हांला चपलासुद्धा घालू दिल्या नाहीत. गॅसवाल्याने नळीला साबणाचं पाणी लावून पाहिलं, एक बुडबुडा नाही. मग मामीने सिलिंडर सरकवला. मागे एक अंडं घरंगळून फुटलं होतं. सडलं, वाळलं, म्हणून वास गेला. माझ्याच हातून पडलं असणार, पिशवी मीच रिकामी केली होती.

मामी म्हणते, नळी फाटली होती असं लिहा, पोरीचं भलं होईल. दिवसभर लेखणी हातात धरून बसलो. तुझ्या तोंडी खोटं घालवेना. पण तू होऊन नळीचं सांगितलंस, तर मी तिथे येऊन शपथेवर सांगेन. एका अंड्यापायी तुझं स्वप्न मोडलं, या विचाराने घास उतरत नाही.

मामीचे आशीर्वाद. माझे तर आहेतच.
मामा

२ मार्च

ती. स्व. मामांस,
सा. न. वि. वि.

काल बोलावलं. दाराशी जाईपर्यंत फाटकी नळी अगदी ओठांवर होती. आत गेले आणि अंडं म्हणून मोकळी झाले. बाजूचे दोघे साहेब इतके हसले, की एकाच्या हातातला चहा सांडला. बडे साहेब हसले नाहीत. पुन्हा असंच झालं आणि बहुधा अंडंच असेल असं वाटलं, तर काय करशील, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, पळेन. मग ते सावकाश म्हणाले, की त्यांचा एक जोडीदार गॅसची शंका येऊनही लोक हसतील म्हणून ओरडला नव्हता, तो वाचला नाही. एवढं बोलून त्यांनी माझ्या कागदावर सही केली.

सोमवारपासून प्लांटवर. बाहेर आले तेव्हा ऊन पडलं होतं, तरी पाय काही जमिनीला लागत नव्हते. कॅन्टीनमध्ये मला आताच अंडेवाली म्हणायला लागलेत. म्हणोत!

मामा, आता वासबिस अंगावर काढायचा नाही. लाजायचं तर मुळीच नाही. कसलीही शंका आली की त्याच क्षणी औषधवाल्यांच्या फोनवरून मला बोलवायचं. दर वेळी अंडंच निघालं तरी मी दर वेळी पळेन.

मामीला नमस्कार.
तुमची,
नकटी